ल्हासाच्या डोंगरावर यंगहजबंडला नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९०४ साली ब्रिटिश फौजेबरोबर ल्हासात शिरलेला फ्रान्सिस यंगहजबंड पुढे गूढवादावर पुस्तकं लिहू लागला, सर्वधर्म परिषदा भरवू लागला. हा पश्चात्ताप होता का? वाल्याचा वाल्मीकी झाला असं म्हणता येईल का? आणि त्याच्यावर मराठीत लेख लिहायचा असेल तर त्याच्याकडे कसं पाहावं?

हिमालयाच्या सीमाभागाचा इतिहास शिकवण्यात माझी वीसहून अधिक वर्षं गेली. दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन येतो आणि जवळजवळ प्रत्येकाला वाल्याच आठवतो. म्हणून आधी उत्तर सांगून टाकतो: नाही. वाल्याची गोष्ट इथे बसत नाही. वाल्याला आधी आपलं पाप उमगलं, मग त्याच्याभोवती वारूळ वाढलं. यंगहजबंडला जो काही साक्षात्कार झाला तो विजयाच्या ऐन भरात झाला. तह हातात पडला होता, फौज सुखरूप परत निघाली होती. मारलेल्या माणसांबद्दल अपराधी वाटून तो डोंगरावर गेला नव्हता. हा क्रम एकदा नीट लक्षात घेतला की त्याच्या आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

माझं म्हणणं असं की त्याच्यात दोन माणसं नव्हती, एकच होता. आतला आवाज बरोबरच असणार, हा त्याचा विश्वास लहानपणापासूनचा. त्याच विश्वासाने त्याला वाळवंटापलीकडे नेलं, त्याच विश्वासाने वरिष्ठांच्या सूचना बाजूला सारून तह करायला लावला, आणि उतारवयात ताऱ्यांवरच्या श्रेष्ठ जीवांवर पुस्तक लिहायलाही त्यानेच लावलं. हे पटवून द्यायला थोडं मागे जावं लागेल.

त्याचा जन्म ३१ मे १८६३ चा, रावळपिंडीजवळच्या मरीचा. बाप फौजेत. आईचा भाऊ रॉबर्ट शॉ हा चहाचा मळेवाला, १८६८-६९ मध्ये यारकंद आणि काशगरपर्यंत जाऊन आलेला. ज्या घरात मामाच्या प्रवासाच्या गोष्टी चालतात त्या घरातल्या पोराला नकाशावरची कोरी जागा स्वस्थ बसू देत नाही. क्लिफ्टनची शाळा, सँडहर्स्ट, १८८२ ला मेरठच्या घोडदळात रुजू. तिथली छावणीतली कवायत आणि मेजवान्या त्याला रुचल्या नाहीत. १८८६ मध्ये रजा टाकून तो मांचुरियात गेला आणि तिथून पेकिंगला पोचला.

४ एप्रिल १८८७ ला तो पेकिंगहून निघाला. कर्नल मार्क बेल नावाचा अधिकारी दुसऱ्या वाटेने हिंदुस्थानला निघाला होता. दोघांनी गोबीपलीकडच्या हामी गावी भेटायचं ठरलं. यंगहजबंड गोबी ओलांडून पोचला तेव्हा बेल कधीच पुढे निघून गेलेला होता. गोबीतली ही वाटचाल सुमारे सत्तर दिवसांची. उन्हाच्या भीतीने उंट दुपार कलल्यावर हाकायचे आणि मध्यरात्रीपर्यंत चालायचं. चोवीस वर्षांचा मुलगा, बरोबर ज्यांची भाषा धड येत नाही अशी दोन-तीन माणसं, आणि वर फक्त चांदण्या. विद्यार्थ्यांना मी नेहमी हीच पानं आधी वाचायला देतो. धर्माबद्दल तिथे फारसं काही नाही, पण ताऱ्यांबद्दल आहे, आणि ज्या ओढीने आहे ती ओढ पुढे चाळीस वर्षांनी पुन्हा वर येते.

आणि मग मुझताग. काराकोरममधली ही खिंड सुमारे १९,००० फुटांवर, आणि वाट हिमनदीने मोडून टाकलेली. या प्रसंगाशी जरा थांबा, कारण माणूस ओळखायला एवढा एक प्रसंग पुरतो. सप्टेंबर १८८७. बरोबर बाल्टिस्तानचा वाटाड्या वली आणि पेकिंगपासून साथ देणारा चिनी नोकर लिऊ-सान. घोडी दुसऱ्या वाटेने पाठवायची होती. अंगावर गिर्यारोहणाचं एकही साधन नाही, पायात मऊ कातडी बूट. माथ्यावर पोचून खाली पाहिलं तर बर्फाचा सरळ उतार आणि त्याखाली कडा. त्याला मनातून उतरणं अशक्यच वाटलं, पण तो काही बोलला नाही. पुढे त्याने स्वतःच लिहिलंय की त्याच्या माणसांची समजूत अशी होती की साहेब एकदा निघाला की मागे फिरत नाही. परतायचा हुकूम आला नाही, तेव्हा त्यांनी पुढेच जायचं असं धरलं आणि उतरायची तयारी सुरू केली. वली पुढे होऊन कुदळीने बर्फात पायऱ्या खोदू लागला. घोड्यांच्या दोऱ्या, पागोटी, कंबरपट्टे एकमेकांना बांधून दोर केला. उतरले सगळे.

आता हे बारकाईने पाहा. निर्णय कुणीच घेतला नाही. एका माणसाच्या मौनाचा बाकीच्यांनी हुकूम म्हणून अर्थ लावला, आणि यश आल्यावर ते मौन धैर्य म्हणून गाजलं. वलीचं नाव ग्रंथात आलं खरं, पण पदक यंगहजबंडच्या छातीवर. १८९० मध्ये रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. या अनुभवाने त्याच्या मनात एक गोष्ट पक्की रुजली असावी: आपण टिकून राहिलो की जग वाट देतं. डोंगरात हे बऱ्याचदा खरं ठरतं. राजकारणात असाच टिकाव धरला की किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते.

राजकारण त्याच्या मागे लागायला वेळ लागला नाही. मध्य आशियात तेव्हा रशिया आणि ब्रिटनची रस्सीखेच चालू होती आणि खिंडी धुंडाळणारा प्रत्येक माणूस आपोआप हेर ठरत होता. १८८९ मध्ये काराकोरममधल्या हुंझा संस्थानाकडून काफिले लुटले जात होते त्याचा छडा लावायला त्याला सहा गुरखे देऊन पाठवलं. तिथे त्याची गाठ पडली कॅप्टन ग्रोम्बचेव्स्कीशी. हा रशियाच्या झारच्या चाकरीतला पोलिश अधिकारी. दोघांनी एकमेकांच्या तंबूत जेवणं केली, ग्रोम्बचेव्स्कीने आपल्या कोसॅक शिपायांना "हिंदुस्थानवर चाल करायची का?" असं विचारून त्यांचा जल्लोष ऐकवला, दोघे मित्रासारखे निरोप घेऊन पांगले. आणि मग यंगहजबंडने स्थानिक किरगिझांना फूस लावून या मित्राला लडाखच्या दिशेच्या अशा वाटेवर घातलं की जिथून कुठेच जाता येत नाही आणि हाल मात्र भरपूर होतात. आपण हे जाणूनबुजून केलं हे त्याने वरिष्ठांना कळवलंही. ग्रोम्बचेव्स्कीची घोडी मेली, माणसांना हिमदंश झाला. क्रांतीनंतर वॉर्सात दारिद्र्यात, अंथरुणाला खिळलेल्या ग्रोम्बचेव्स्कीने यंगहजबंडला जुन्या ओळखीचं एक पत्र पाठवलं. त्याच्या लेखी ती भेट मैत्रीचीच राहिली होती. तुमच्या लेखात हा प्रसंग जरूर घ्या. तोच हात प्रेमाने पुढे होतो आणि तोच चुकीची वाट दाखवतो, आणि त्या माणसाला या दोन्हींत विसंगती जाणवत नाही.

१८९१ मध्ये पामीरमधल्या बोझाई गुंबझला रशियन कर्नलने त्याला पकडून तिथून हाकललं, त्यावरून दोन्ही राजधान्यांत खलबतं झाली. मग हुंझा, चित्रळ. चित्रळमध्येच १८९४ साली त्याची कर्झनशी दोस्ती जमली, तेव्हा कर्झन नुसता फिरस्ता खासदार होता. १८९५ च्या शेवटी 'टाइम्स'चा बातमीदार म्हणून तो दक्षिण आफ्रिकेत होता, आणि बातमीदाराने बातमी द्यायची सोडून ट्रान्सवालच्या बोअर सरकारवर जेमसनने केलेल्या फसलेल्या चढाईत निरोप्याचं काम केलं. जोहान्सबर्गच्या कटवाल्यांचा निरोप घेऊन तो केपटाऊनला केप वसाहतीचा पंतप्रधान सेसिल ऱ्होड्सकडे गेला. तिथेही हेच दिसतं: तो कटाचा म्होरक्या नव्हता, पण बाजूला उभं राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याच काळात तो टॉलस्टॉयचं 'देवाचं राज्य तुमच्यातच आहे' या अर्थाचं पुस्तक वाचून भारावलेला होता. तेच पुस्तक त्याच दशकात, त्याच दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडलं. गांधीजींनी त्यातून शस्त्र खाली ठेवायचा अर्थ काढला. यंगहजबंडने त्यातून अंतःकरणाच्या राज्याचा अर्थ घेतला आणि साम्राज्याची चाकरी चालू ठेवली.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक मुक्काम मध्ये येतो, इंदूरचा. १९०२-०३ मध्ये तो तिथे रेसिडेंट होता. १९०३ च्या सुरुवातीला शिवाजीराव होळकर गादीवरून पायउतार झाले आणि लहानगे तुकोजीराव गादीवर आले, तेव्हा रेसिडेन्सीत हाच माणूस बसलेला होता. इंदुरातला तो कारभार त्याला कंटाळवाणा वाटला. त्याच वर्षी व्हाइसरॉय कर्झनचं बोलावणं आलं.

तिबेटचं प्रकरण कसं पेटलं ते थोडक्यात सांगतो, कारण याशिवाय पुढचं कळणार नाही. सिक्कीम-तिबेट सीमा आणि व्यापार यांबद्दल ब्रिटिशांनी १८९० आणि १८९३ मध्ये करार केले ते चीनशी. तिबेटी त्यात नव्हतेच, म्हणून ते करार त्यांनी जुमानले नाहीत. कर्झनने तेराव्या दलाई लामांना पाठवलेले खलिते न फोडता परत आले. दुसरीकडे दोर्जिएव नावाचा बुर्यात भिक्षू दलाई लामांच्या जवळचा होता आणि झारला भेटून येत होता. कर्झनने या दोहोंची बेरीज केली आणि ल्हासात रशिया बसलाय असं गृहीत धरलं. पुढे फौज ल्हासात पोचली तेव्हा तिथे रशियन शस्त्रांचा साठाही नव्हता आणि रशियन सल्लागारही नव्हते.

जुलै १९०३ मध्ये यंगहजबंड खंबा झोंगला वाटाघाटीसाठी जाऊन बसला. तिबेट्यांचं म्हणणं साधं होतं: आधी आमच्या हद्दीबाहेर व्हा, मग बोलू. कित्येक महिने काही घडलं नाही. ६ नोव्हेंबरला लंडनने तार करून पुढे सरकायची परवानगी दिली, पण अट घातली की समाधान मिळताच माघारी फिरायचं, कुठलाही प्रदेश कायमचा धरून बसायचं नाही. डिसेंबरच्या थंडीत जेलेप ला ही खिंड ओलांडून फौज चुंबी खोऱ्यात उतरली. फौज म्हणजे कोण? शीख पायोनियर, गुरखे, आणि ओझी वाहायला हजारो हमाल, खेचरं, याक. गोरे फारच थोडे. हे वाक्य लेखात असू द्या, कारण आपल्याकडे ही मोहीम 'इंग्रजांची' म्हणून सांगतात आणि त्यात आपले लोक किती होते हे राहून जातं.

सुमारे १५,००० फुटांवरच्या तूना गावात मुक्काम पडला. जानेवारीत यंगहजबंडने एक विलक्षण गोष्ट केली. दोन तरुण अधिकारी बरोबर घेऊन, सैनिकांचा पहारा न घेता, तो घोड्यावरून थेट तिबेट्यांच्या गुरूच्या छावणीत गेला. (गुरू हे इथे खेड्याचं नाव आहे.) ल्हासाचे सेनापती सौजन्याने बोलले. तीन मोठ्या मठांचे लामा मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते आणि परत जायची तारीख सांगा, नाहीतर इथून हलू देणार नाही, अशा आवेशात आले. त्याने चेहऱ्यावरचं हसू न ढळू देता वेळ मारून नेली आणि तिघे घोडे दौडवत परत आले. मुझतागवरचाच हा स्वभाव. मात्र या भेटीतून त्याने काढलेला निष्कर्ष लक्षात ठेवा: सामान्य तिबेटी चांगले, सगळा दोष लामांचा. हा निष्कर्ष पुढे त्याला फार सोयीचा पडला.

३१ मार्च १९०४. गुरूच्या अलीकडे रस्त्यावर तिबेट्यांनी छातीएवढी दगडी भिंत घातली होती आणि तिच्यामागे दीडेक हजार माणसं उभी होती. तोड्याच्या बंदुका, तलवारी, आणि गळ्यात गोळी लागू नये म्हणून लामांनी दिलेले ताईत. गोळीबार करू नका असा हुकूम दोन्ही बाजूंना होता. शीख आणि गुरखे चालत चालत भिंतीपर्यंत आले, दोन्ही बाजूंनी वेढा घातला, मॅक्सिम मशीनगन रोखल्या. काही क्षण सगळं मिटलं असंच वाटलं. बातमीदार खाली बसून रक्तपात टळल्याच्या तारा लिहू लागले. मग तिबेट्यांची शस्त्रं काढून घ्यायचं ठरलं. फौजेचा सेनापती मॅक्डोनाल्ड आणि यंगहजबंड दोघांच्या संमतीने. माणसाच्या हातातली बंदूक दुसऱ्याने हाताने खेचायची, अशी झटापट सुरू झाली. ल्हासाच्या सेनापतीने घोडा पुढे घातला, एका शिखाशी ओढाताण झाली आणि त्याने पिस्तूल झाडलं. शिपायाचा जबडा फुटला. पुढचं सगळं काही मिनिटांत आटोपलं. मॅक्सिम चालवणाऱ्या एका तरुण अधिकाऱ्याने घरी लिहिलंय की कत्तलीची इतकी शिसारी आली की त्याने गोळीबार थांबवला. वाचलेले तिबेटी पळाले नाहीत. पाठमोरे होऊन, माना खाली घालून, सावकाश चालत निघून गेले. सहाशेच्या आसपास माणसं मेली. ब्रिटिश बाजूला डझनभर जखमी, मेला कुणीच नाही. नंतर त्याच फौजेच्या डॉक्टरांनी तिबेटी जखमींवर उपचार केले.

हा प्रसंग मी शिकवतो तेव्हा दोन कागद शेजारी ठेवतो. एक, त्या दिवसांतला सरकारी पत्रव्यवहार. दोन, यंगहजबंडने १९१० मध्ये हिंदुस्थान आणि तिबेटवर लिहिलेलं पुस्तक. कत्तल भयंकर होती हे तो मान्य करतो, लपवत नाही. पण जबाबदारी ल्हासाच्या लामांवर टाकून मोकळा होतो. सहा वर्षांनी, साक्षात्कार होऊन गेल्यावर, शांतपणे लिहायला बसल्यावरसुद्धा. त्याचा पश्चात्ताप ज्यांना दाखवायचा असतो त्यांनी हे पान आधी वाचावं. त्याचे खाजगी कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या संग्रहात आहेत, युरोपियन हस्तलिखितं विभागात, एफ १९७ या क्रमांकाखाली. जाता आलं तर जा. बायकोला लिहिलेली पत्रं आणि सरकारला केलेल्या तारा एकाच आठवड्याच्या अशा शेजारी ठेवून वाचायची सवय लावून घ्या. चरित्रकाराचं निम्मं काम तिथेच होतं.

पुढचं भराभर सांगतो. मे महिन्यात ल्हासाच्या वाटेवरच्या ग्यांत्से गावी त्याच्या छावणीवर पहाटे हल्ला झाला, जुलैच्या ६ तारखेला ग्यांत्सेचा किल्ला पडला, ऑगस्टच्या सुरुवातीला फौज ल्हासात पोचली. दलाई लामा मंगोलियाकडे निघून गेले होते. मागे कारभार पाहायला गांदेन मठाचे वृद्ध प्रमुख होते. ब्रिटिश कागदांत त्यांचा उल्लेख 'ती रिंपोचे' असा येतो. आणखी एक गोष्ट ल्हासात उघडकीला आली. लाचुंगच्या दोन सिक्कीमी माणसांना तिबेट्यांनी पकडून ठार मारलं असा बोभाटा मोहिमेआधी झाला होता आणि चढाईच्या कारणांत तो मोजला गेला होता. ते दोघे ल्हासाच्या तुरुंगात जिवंत सापडले.

७ सप्टेंबरला पोटाला राजवाड्यात तह झाला. खंडणी ७५ लाख रुपये, वर्षाला एक लाख याप्रमाणे ७५ वर्षं, आणि ती फिटेपर्यंत चुंबी खोरं ब्रिटिशांच्या ताब्यात. हिशेब करून पाहा: जवळजवळ १९८० पर्यंत. प्रदेश धरून बसू नका या सूचनेचं काय झालं? त्याचं म्हणणं, लांब मुदतीचे हप्ते तिबेट्यांनीच मागितले. ते खरंही असेल. पण लंडनने बदल करायला सांगितलं तेव्हा त्याने पुन्हा वाटाघाटी उघडल्या नाहीत आणि तो निघाला. कर्झन तेव्हा रजेवर इंग्लंडात होता, पाठीशी घालायला कुणी नव्हतं. सरकारने खंडणी २५ लाखांवर आणली, चुंबीचा ताबा तीन वर्षांवर आणला आणि यंगहजबंडला खालच्या दर्जाचा किताब देऊन त्याच्या नावाला गालबोट लावलं.

आता डोंगर. निघायच्या वेळी ती रिंपोचे त्याला भेटायला आले आणि बुद्धाची एक लहानशी मूर्ती त्याच्या हातात दिली. ही पाहाल तेव्हा तिबेटबद्दल मनात चांगला विचार येऊ द्या, असं ते म्हणाले. त्या संध्याकाळी तो एकटाच घोड्यावरून ल्हासाबाहेरच्या डोंगरावर गेला. सप्टेंबर अखेरची स्वच्छ हवा, जांभळे डोंगर, मागे पोटाला. आणि अचानक त्याला सगळ्या जगाबद्दल अपार प्रेम दाटून आलं. माणसं मुळात चांगली आहेत, सृष्टीच्या मुळाशी दैवी काही आहे अशी खात्री झाली. यापुढे कुणाचं वाईट चिंतणं किंवा कुणाशी वैर धरणं आपल्याला शक्य नाही, आणि हा एक तास उरलेल्या सगळ्या आयुष्याच्या मोलाचा आहे, असं त्याने लिहून ठेवलं.

हा अनुभव खोटा होता असं मी कधीच म्हणत नाही. आपल्या संतवाङ्मयावर वाढलेल्या माणसाला ही भाषा परकी नाही. 'आनंदाचे डोही आनंद तरंग' म्हणतो त्यातलंच काही त्याला लाभलं असणार. पण आपल्या परंपरेने अशा अनुभवाची परीक्षा कशी घ्यायची तेही शिकवलंय: माणूस नंतर कसा वागतो ते पाहा. आणि १९१५ मध्ये, महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी, कुणाशी वैर न धरण्याची खात्री झालेला हा माणूस 'फाइट फॉर राइट' नावाची चळवळ उभी करतो, लोकांचं मनोधैर्य टिकावं, युद्ध नेटाने लढलं जावं म्हणून. त्या चळवळीसाठीच पॅरी या संगीतकाराने १९१६ मध्ये कवी ब्लेकच्या कवितेला चाल लावली, तीच आज इंग्लंडात राष्ट्रगीतासारखी गायली जाणारी 'जेरुसलेम'. पुढे पॅरीलाच त्या चळवळीचा सूर रुचेना, त्याने अंग काढून घेतलं आणि गाणं स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीकडे गेलं.

तरी त्याला तिथेच सोडून देऊ नका. उतारवयातला यंगहजबंड मला खरोखर प्रिय आहे. काश्मीरची रेसिडेन्सी संपवून तो १९१० च्या सुमारास नोकरीतून बाहेर पडला. १९११ मध्ये बेल्जियममध्ये मोटारीच्या धडकेने पाय मोडला, बरेच महिने अंथरुणात गेले, आणि तिथून धर्मावरचं लेखन सुरू झालं. १९२३ मध्ये त्याने एक आध्यात्मिक चरित्र छापलं, नायकाचं नाव 'निज स्वभाव'. नायक हिंदुस्थानी, पण आतले अनुभव सगळे याचेच. आपलं सर्वांत खाजगी सत्य सांगायला या साम्राज्याच्या सरदाराला संस्कृत नाव घ्यावं लागलं. या एका गोष्टीवर स्वतंत्र लेख होईल. १९२७ मध्ये ताऱ्यांवरच्या श्रेष्ठ जीवांचं पुस्तक आलं आणि शास्त्रज्ञांनी डोक्याला हात लावला. मला ते वाचताना गोबीतल्या रात्री दिसतात. मध्ये एव्हरेस्टही आहे. चित्रळला चार्ल्स ब्रूस या फौजी अधिकाऱ्याबरोबर १८९३ मध्ये सुचलेली कल्पना त्याने जिओग्राफिकल सोसायटीचा अध्यक्ष झाल्यावर धसाला लावली. १९२१, १९२२ आणि १९२४ च्या मोहिमा एव्हरेस्ट समितीने काढल्या, आणि पहिल्या मोहिमेला परवानगी द्यायला तेच तेरावे दलाई लामा होते, ज्यांना १९०४ मध्ये घर सोडावं लागलं होतं.

त्यांच्या वाट्याला मधल्या काळात काय आलं हेही लिहा. १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशियाने आपसात करार करून तिबेटातून अंग काढून घेतलं. तिबेटी फौज मोडलेली, ब्रिटिश परत गेलेले. १९१० मध्ये चिनी फौज ल्हासात शिरली आणि दलाई लामांना पुन्हा पळावं लागलं, या वेळी हिंदुस्थानात, ब्रिटिशांच्याच आश्रयाला.

१९३० पर्यंत यंगहजबंड हिंदुस्थानने आपला कारभार आपण पाहावा या बाजूने लिहू लागला होता. १९३६ मध्ये लंडनला त्याने जागतिक धर्मपरिषद भरवली. बडोद्याचे सयाजीराव महाराज तिच्याशी जोडलेले होते, राधाकृष्णन आणि जपानचे सुझुकी बोलले. १९३७ मध्ये रामकृष्ण परमहंसांच्या जन्मशताब्दीच्या धर्मपरिषदेसाठी तो कलकत्त्याला आला, तेव्हा वय त्र्याहत्तर. एकाच धर्माचा दुसऱ्यावर वरचष्मा नको, हे तो तेव्हा मनापासून म्हणत होता आणि ते करून दाखवत होता. गुरू गावातल्या कत्तलीबद्दलची माफी मात्र त्यातही नाही. त्याने गुरू मागे टाकून प्रेमाकडे झेप घेतली, गुरूमधून वाट काढत तो प्रेमापर्यंत आला नाही. माझ्या मते त्याच्या पुस्तकांत जो एक विरळपणा जाणवतो, सगळं उदात्त पण पायाखाली जमीन नाही असं जे वाटतं, त्याचं मूळ इथे आहे.

तुमच्या लेखासाठी म्हणून सांगतो. सुरुवात त्याच्या १८९६ च्या प्रवासवर्णनाने करा, गोबी आणि मुझतागची प्रकरणं. मग १९१० चं तिबेटवरचं पुस्तक, आणि डोंगरावरचा उतारा वाचण्याआधी गुरूचं प्रकरण पुन्हा एकदा. धर्मावरची पुस्तकं सगळ्यांत शेवटी. आणि लेखात ती रिंपोचेंना दोन ओळींपेक्षा जास्त जागा द्या. दलाई लामा परागंदा, सहाशे माणसं भिंतीपाशी मेलेली, तहावर आपल्याच हाताने उमटवलेला दलाई लामांचा शिक्का. अशा वेळी त्या म्हाताऱ्या माणसाने जिंकणाऱ्याच्या हातात बुद्ध ठेवला. ती मूर्ती यंगहजबंडने जन्मभर जवळ बाळगली. ३१ जुलै १९४२ ला डॉर्सेटमध्ये तो गेला तेव्हा मुलीने ती शवपेटीवर ठेवली होती. लिचेट मिन्स्टरच्या त्याच्या थडग्यावर ल्हासा कोरलेलं आहे.